दुपट्ट्यात झाकलेले हात

आमच्या खात्याचा दिवस झोपेनं सुरू व्हायचा. म्हणजे आम्ही झोपायचो असं नाही, जरी बाकीच्या वॉर्डांतल्या सिस्टरांचा तसा पक्का समज होता. आमच्याकडे पहिला प्रश्नच तो असायचा: "झोप कशी हाय?" सर्दी-तापाच्या दवाखान्यात जीभ पाहतात, आम्ही झोप पाहायचो. केव्हा लागते, केव्हा उडते, जाग आल्यावर मनात काय येतं, स्वप्नं कशाची पडतात. मी अकोल्याच्या एका सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागात परिचारिका होते, आणि नोकरीची बहुतेक वर्षं मी लोकांच्या झोपेची चौकशी करण्यात घालवली. आता निवृत्त होऊन बडनेऱ्याला घरी असते. माझी स्वतःची झोप भल्या पहाटे उडते, आणि कशी आहे म्हणून कोणी विचारत नाही.

त्या अर्ध्या जागेपणात मला अजून सकाळची पॅसेंजर दिसते. आमचे हे रेल्वेत, म्हणून घर बडनेऱ्याला आणि नोकरी अकोल्याला. गाडीत बसलं की डोळे मिटायचे. थंडीत बाहेर तुरीच्या वावरांवर धुकं असायचं, मूर्तिजापूर कधी आलं आणि कधी गेलं ते कळायचं नाही. कोणी तरी निशिगंधाची टोपली घेऊन चढलेलं असलं तर सगळा डबा त्या वासात डुलायचा. मी जागी आहे की नाही, याची मला स्वतःला खात्री नसायची. आणि त्याच डब्यात, पलीकडच्या बाकावर, नाकापर्यंत दुपट्टा ओढून माझे पेशंट बसलेले असायचे.

ही एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. अमरावतीकडचे लोक उपचाराला अकोल्याला यायचे, आणि अकोल्याचे अमरावतीला जायचे. डॉक्टर दोन्हीकडे होते, गोळ्याही त्याच. पण आपल्या गावच्या दवाखान्यात त्या दारासमोर बसलेलं कोणी पाहिलं म्हणजे? म्हणून ही अदलाबदल. बडनेऱ्याच्या एका फलाटावर इकडून जाणारे, दुसऱ्यावर तिकडून आलेले, मध्ये रूळ, आणि दोन्हीकडची मंडळी आभाळाकडे पाहत उभी. मला वाटायचं, ओरडून सांगावं, बापहो, उगाच तिकिटं कशाला काढता! पण मीही गप्प. दवाखान्याबाहेर पेशंटला आपण होऊन ओळख द्यायची नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मीही मग आभाळाकडे पाहायचे.

अचलपूरकडचे एक गुरुजी होते. त्यांनी घरी सांगून ठेवलं होतं, की अकोल्याला दाताचा दवाखाना सुरू आहे. दर महिन्याला कसले दात, म्हणून बायकोनं एकदा तोंड उघडून दाखवायला लावलं. गुरुजींनी त्याच आठवड्यात एका धडधाकट दाढेवर टोपी बसवून घेतली. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी आहे?" तर म्हणाले, "झोप बरी हाय साहेब, दाढ लय दुखते." आम्ही सगळे हसलो, गुरुजीही हसले. नंतर ते यायचे बंद झाले. का, ते कळलं नाही, आणि त्यांची आठवण आली की मला आता हसू येत नाही.

आमचं काम काय, हे सांगायचं तर सिनेमातलं सगळं आधी विसरा. साखळदंड नाही, ओरडाआरडा नाही. बहुतेक वेळ आम्ही बोलत बसायचो. गोळी कशासाठी, किती दिवस, मध्येच सोडली तर काय होतं, हे सांगायचं. पुन्हा सांगायचं. आणि माणूस आला नाही तर तो का आला नाही, याचा विचार करायचा. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं, की कलंक दोन तऱ्हांचा असतो. एक लोक लावतात, एक माणूस स्वतःच लावून घेतो. पहिल्याशी भांडता येतं. दुसऱ्यात तो माणूस त्या लोकांच्याच बाजूनं जाऊन बसतो. लोक म्हणतात येडा, आणि हा मान डोलावतो. एकदा मान डोलावली, की गोळीत काही राम उरत नाही. बरं व्हायचं तरी कोणी, येड्यानं?

वर्गात बसून हे मी पाठ केलं होतं. समजलं मला ते सुदाममुळे.

सुदाम हे नाव बदललेलं आहे. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूचं गाव, फुलं आणि भाजीपाला पिकवणारं घर. माल अमरावतीच्या फुलबाजारात जायचा, आणि सुदाम अर्थातच अकोल्याला यायचा. पहिल्यांदा त्याला त्याची बायको रेखा घेऊन आली, तेव्हा तो कित्येक दिवस झोपलेला नव्हता. काय झालं ते तिनंच सांगितलं. दसऱ्याच्या तोंडावर मळा पिवळाधम्मक झाला होता, तोडणीला बाया आल्या होत्या, आणि हा सरीत आडवा पडला. "तोडू नोका म्हने, फुलं रडून राह्यले. कोनाले जवळ येऊ देईना. साऱ्या गावानं पाह्यलं, सिस्टर." ते सांगताना रेखा रडली नाही. साऱ्या गावानं पाह्यलं, एवढं मात्र तिनं दोनदा म्हटलं.

फुलं रडून राह्यले. कागदावर आम्ही त्याला भास म्हणतो. आजारच तो, आणि त्याच्यावर औषध हवंच. पण गाडीत डोळे मिटले की मला तो पिवळा मळा दिसायचा, आणि सरीत पडून फुलांची समजूत घालणारा माणूस. आजारातसुद्धा माणूस आपल्याच स्वभावाचं काही तरी ऐकतो, असं मला वाटायचं. डॉक्टरांना मी हे कधी बोलले नाही.

गोळ्यांनी गुण आला. गोळीला आमच्याकडे खेड्यातली माणसं गोयी म्हणतात, आणि रेखाच्या तोंडी तो शब्द एखाद्या लेकराच्या नावासारखा यायचा. "गोयी लागू पडली, सिस्टर." सुदाम झोपू लागला, जेवू लागला. आवाज कुठं गेले म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, आधी शेजारच्या वावरात गेले, मग धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पल्याड गेले, आता नाही येत. आमच्या हिशेबानं तो बरा झाला होता.

एक गोष्ट सोडून. गावच्या देवीचा हार पिढ्यानपिढ्या त्यांच्या घरचा. सुदामचा हात त्यात असा बसलेला, की बाजारातसुद्धा लोक त्याच्याच हाताचा हार मागायचे. आता तो पाणी द्यायचा, तोडणी करायचा, पोती डोक्यावर घ्यायचा, पण सुई-दोऱ्याला हात लावायचा नाही. रेखा ओवायला बसली की उठून लांब जायचा. आणि मग एके दिवशी तिला गोठ्याच्या वळचणीला खोचलेल्या गोळ्या सापडल्या. तिच्यासमोर तेवढी गिळायचा, बाकीच्या घेत नव्हता. पुन्हा न झोपलेल्या रात्री, पुन्हा ते आवाज, पुन्हा सारं गाव. ती त्याला जवळजवळ ओढतच घेऊन आली.

थंडीचे दिवस होते. आमच्याकडे पुरुषाच्या अंगावर दुपट्टा असतोच, सुदामनं तो खांद्यावरून पुढे घेऊन त्यात दोन्ही हात गुंडाळले होते. आत गर्दी होती, म्हणून मी दोघांना बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसवलं आणि आमचं नेहमीचं सुरू केलं. हा मेंदूचा आजार आहे. जसं बीपी, जशी शुगर. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी हे इतक्या वेळा बोलले होते, की बोलता बोलता मला डुलकी लागली असती तरी वाक्य पुरं झालं असतं.

"बराबर हाय सिस्टर," तो म्हणाला.

"मंग गोयी काहून नाही घेत?"

तो कडुनिंबाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सिस्टर, हुंगलेलं फूल देवाले चालते का?"

"नाही चालत."

"मी हुंगलेला हाओ. आता गोयी खाल्ली का, न खाल्ली का. हुंगलेलं फूल धुतल्यानं थोडंच चालते."

फुलं तोडायला गेलेल्या लेकराच्या पाठीत आई धपाटा घालते तो याच कारणासाठी, वास घेऊ नको, देवाचं आहे. लहानपणी मीही तो खाल्लेला. बीपी आणि शुगर त्याच्यापुढं काय टिकणार!

रेखाचा बांध फुटला. "म्या पुजाऱ्याले इचारलं. तो म्हने, सुदामभाऊचा हार नाही तं देवी रुसल्यावानी दिसते. तुमच्या मायनं सांगतलं, ओव. गावातलं एक मानूस सांगा, जो नोको म्हनते. तुमाले मना केलं कोनं?"

"कोनं नाही," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "म्या."

"अन् हुंगल्याचं मले नोका सांगू! तो मंडीतला अडत्या पाहा. पोत्यात नाक खुपसते, तवा बोली बोलते. साऱ्या अमरावतीचे देव त्याचे हुंगलेले हार घालून बसले हायेत! त्याईले चालते, अन् तुमचंच तेवढं वावडं?"

मला हसू आवरलं नाही. सुदामला मात्र राग आला, आणि तो राग पेशंटचा नव्हता, फूलवाल्याचा होता. इतक्या महिन्यांत मी त्याला असं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

"काहीबी नोको बोलू वं. झेंडूचा वास कोन पाह्यते? त्याचं बूड दाबून पाह्यतात. ओलं लागलं तं समजाचं, माल शिळा हाय, वरून पानी मारलं. असं धराचं, अन् आंगठ्यानं असं..."

दाखवण्याच्या भरात दोन्ही हात दुपट्ट्याबाहेर आले. नसलेलं फूल त्यानं बोटांत धरलं होतं, आणि ते फूल थरथरत होतं. दोन्ही हात थरथरत होते. मी पाहिलं, हे त्यानं पाहिलं, आणि हात पुन्हा आत गेले.

"सुदामभाऊ, हात काढा बाहेर."

"राहू द्या ना, सिस्टर."

"काढा."

त्यानं काढले. रेखाही पाहत राहिली. घरातसुद्धा त्यानं तिच्यापासून लपवलं होतं, ताटाला हात लावायचा तो ती पाण्याला उठली की.

"हे कवापासून?"

"गोया सुरू झाल्या, त्याच्या थोड्या दिसानं."

"अन् सांगितलं नाही? डॉक्टर दर वेळी विचारतात, काही तरास हाय का म्हनून."

"त्यात काय सांगाचं?" तो म्हणाला. "येड्याचे हात हालनारच."

इथं थोडं समजावून सांगते. आमच्या काही औषधांनी काही जणांचे हात कापतात. नवलाची गोष्ट नाही, रोजची आहे. डॉक्टर मात्रा कमी करतात, औषध बदलतात, नाही तर जोडीला एक छोटी गोळी देतात, आणि कंप थांबतो. म्हणून तर आम्ही प्रत्येकाला हात पुढे करायला सांगतो. सुदाम दर वेळी दुपट्ट्याची टोकं घट्ट धरून दोन मुठी पुढे करायचा, आणि ओपीडीच्या रेट्यात तेवढ्यावर भागायचं. बीपीच्या गोळीनं पाय सुजले तर माणूस डॉक्टरच्या नावानं शंख करतो. कंबरेच्या गोळीनं छातीत जळजळलं तर दुसऱ्या दिवशी दारात हजर. आमचा पेशंट बोलत नाही. त्याला वाटतं, हे आपल्याला होणारच, आपण आहोतच तसे. तक्रार करायलासुद्धा आपला काही हक्क आहे असं आधी वाटावं लागतं.

मग सगळं उलगडलं, त्याच बाकावर. गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या खेपेला तो हार ओवायला बसला होता, एकटा, पहाटे. सुई देठात जाईना. गेली तर दोरा निसटायचा. ज्या हातांना डोळे मिटून गाठ मारता यायची, त्यांना ती जमेना. त्याला वाटलं, देवीनं हात काढून घेतले. मग त्यानं स्वतःपुरतं कारण शोधलं, हुंगलेल्या फुलाचं, आणि ते इतकं नीट बसलं की पुढं कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

"सुदामभाऊ," मी म्हणाले, "हे येडेपन नाही. हे त्या गोयीचं हाय."

त्याला खरं वाटलं नाही. मी दोघांना आत नेलं. डॉक्टरांनी हात पाहिले, उजव्या हाताला कागदावर गोल काढायला लावला, आणि औषध बदलून दिलं. निघताना मी रेखाला बजावलं, की मनानं बंद करू देऊ नको, हात हलला तर सांगायला या. ती म्हणाली, "आता मी त्याईच्या हातावरच डोया ठेवून बसते." आणि बसली असणार ती.

पुढच्या खेपेला दोघं आली तेव्हा ऊन तापू लागलं होतं, तरी दुपट्टा होताच. पण तो त्यानं काढून बाजूला ठेवला, हात गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत बसला. मी जवळ बसले. हात शांत होते. बोटांच्या टोकाला किंचित काही उरलं असेल तेवढंच.

"सिस्टर," तो हळूच म्हणाला, "हे गोयीनं हालत व्हते, अन् मले वाटे मीच हालून राह्यलो. मंग माह्यातलं अजून काय काय हाय, जे माह्यं नाही?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. परतीच्या गाडीत काटेपूर्णा गेलं, मूर्तिजापूर गेलं, वावरांवर संध्याकाळ उतरली, आणि मी तो प्रश्न मनात घोळवत राहिले. समोरच्या खिडकीत माझा चेहरा आणि त्याच्यातून पळणारी झाडं दिसत होती. माझ्यातलंही किती तरी लोकांनी सांगून ठेवलेलं असेल, आणि मी मान डोलावलेली असेल. त्या दिवशी मला झोप लागली नाही, आणि नेहमीचा डबा मला अनोळखी वाटला.

सगळ्यांचं असं झालं, असं म्हणायची माझी छाती नाही. किती तरी माणसं दोन खेपा येऊन नाहीशी झाली. त्यांनी काय काय झाकून नेलं असेल, हे आता आठवून उपयोग नाही, तरी आठवतं. वाईट वाटतं, आणि ते वाटू द्यावं असं मी ठरवलं आहे.

सुदाम मात्र दर महिन्याला येत राहिला. पुढे पुढे एकटा. हार त्यानं एकदम ओवायला घेतला नाही. आधी पोळ्याला बैलासाठी एक ओवला, बैलाले चालते का पाहू म्हणून. बैलानं तो खाल्ला. "पसंत पडला म्हने त्याले," रेखानं हसत हसत सांगितलं. त्या वर्षी नवरात्रात देवीला शेवंतीचा हार गेला, तो सुदामच्या हातचा. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. फोटोत देवी आणि हार होता, सुदाम नव्हता. तो म्हणे मागं उभा राहून दोरे गोळा करत होता.

मी निवृत्त झाले, त्यालाही आता काही काळ लोटला. यंदा दसऱ्याच्या आदल्या सकाळी मी अमरावतीच्या फुलबाजारात गेले. ऊन नुकतंच आलं होतं आणि जिकडे तिकडे झेंडूचे ढीग. त्या पिवळ्या उजेडात माणसं तरंगल्यासारखी दिसत होती. एका कोपऱ्यात सुदाम ताडपत्रीवर बसून हार ओवत होता. रेखा पलीकडे माल तोलत होती. नियमाप्रमाणे मी ओळख दिली नाही. शेजारच्या ढिगापाशी वाकून फुलं निवडू लागले.

त्याच्यासमोर एक गिऱ्हाईक उभं होतं, इस्त्रीचा शर्ट घातलेला, मोटारसायकलसाठी हार न्यायला आलेला माणूस. सुदामनं सुई बाजूला ठेवली, खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि म्हणाला, "भाऊ, ते पान्याची बाटली द्या जरा इकडं."

माणसानं बाटली दिली. "तब्येत बरी नाही का?"

"बरी हाय ना. डोक्याची गोयी हाय, सकायची राह्यली व्हती." फुलांचा भाव सांगावा तसं त्यानं सांगितलं आणि गोळी गिळली.

त्या माणसानं इकडे तिकडे पाहिलं, खाली वाकला, आणि इतक्या हळू बोलला की शेजारी असून मला कान द्यावा लागला. "माह्या मोठ्या भावाले बी देल्ल्या हायेत डाक्टरनं. घेत नाही तो. खोलीतून भाईरच येत नाही. म्हनते, मी कोनाच्या कामाचा नाही राह्यलो."

सुदामनं सुई उचलली, उरलेली फुलं ओवली, दोऱ्याला गाठ मारली, ती ओढून पाहिली. हार कागदात बांधून त्या माणसाच्या हातात दिला.

"धाडा त्याईले माह्याकडं," तो म्हणाला.

"समजावून सांगसान का तुमी? गोयीचं?"

"नाही बा, गोयीचं नाव बी नोका काढू," सुदाम म्हणाला. "दसऱ्याची गर्दी हाय म्हना. हार ओवाले मानूस पाह्यजे."